पोलॅरीमीटरच्या वाचनांवरून प्रकाशीय शुद्धता कशी काढावी

कोल्हापूर परिसरातल्या विद्यार्थ्याला पोलॅरीमीटर (द्रावण प्रकाशाला किती वळवते ते मोजणारे उपकरण) हे नाव बहुधा महाविद्यालयाआधी साखर कारखान्यामुळे कळलेले असते. घरातले किंवा शेजारचे कोणी तरी हंगामात कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट असते, आणि ‘आज रसाचा पोल किती, प्युरिटी किती’ ही भाषा कानावर पडलेली असते. त्यामुळे एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत प्रकाशीय शुद्धता काढण्याची वेळ आली की अनेकांच्या मनात पहिला गोंधळ इथेच होतो. कारखान्यातली प्युरिटी म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांत, म्हणजे ब्रिक्समध्ये, पोलचे, म्हणजे पोलॅरीमीटरने मोजलेल्या साखरेचे, प्रमाण शेकडा किती ते. प्रकाशीय शुद्धतेचा प्रश्न निराळा आहे. तिथे पदार्थ एकच असतो, पण त्याच्या रेणूची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपे असतात, आणि त्यांपैकी एका रूपाचे दुसऱ्यावर किती आधिक्य आहे एवढेच आपण विचारत असतो. उपकरण तेच आणि प्रकाशही तोच असला तरी उत्तराचा अर्थ वेगळा असतो, हे सुरुवातीलाच मनात पक्के करावे.

सेंद्रिय द्रव ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचे प्रतल वळवतात हे फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी १८१५ मध्ये दाखवले. १८४८ मध्ये पाश्चर यांनी सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे आणि उजवे स्फटिक हाताने वेगळे केले आणि त्यांची द्रावणे प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवतात हे सिद्ध केले. आपल्या गणनेचा सगळा पाया यातच आहे: एका रूपाचा रेणू प्रकाशाला जितका उजवीकडे वळवतो तितकाच त्याचा प्रतिबिंबरूप रेणू डावीकडे वळवतो, म्हणून समसमान मिश्रणाचे, म्हणजे रेसेमिक मिश्रणाचे, वलन शून्य येते आणि असमान मिश्रणात केवळ आधिक्याचे वलन दिसते.

हे आधिक्य समजण्यासाठी मी विद्यार्थ्यांना चपलांचे उदाहरण देतो. शंभर चपलांच्या ढिगात ८८ उजव्या आणि १२ डाव्या असतील तर १२ जोड्या लागतात आणि ७६ उजव्या चपला एकट्या उरतात. जोडीतल्या चपला एकमेकींचे वलन रद्द करतात आणि पोलॅरीमीटरला फक्त त्या ७६ दिसतात. म्हणून या ढिगाची प्रकाशीय शुद्धता ७६ टक्के आहे, ८८ टक्के नव्हे. ‘७६ टक्के शुद्धता आहे, म्हणजे ७६ टक्के उजवे रूप आणि २४ टक्के डावे’ असे लिहिलेले मी तोंडी परीक्षेत आणि प्रयोगवहीत इतक्या वेळा पाहिले आहे, की गणनेची सगळी सूत्रे सांगण्याआधी हे उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. दृश्य वाचनाचा, सोडियम दिव्याचा पोलॅरीमीटर गृहीत धरतो, कारण बहुतेक महाविद्यालयांत तोच असतो. स्वयंचलित यंत्र असले तरी नळी, द्रावण आणि शून्य यांबाबत खाली जे लिहिले आहे ते जसेच्या तसे लागू आहे, कारण यंत्र तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवत असले तरी चुकीचे द्रावण ते दुरुस्त करत नाही.

दिवा लावल्यावर दहा मिनिटे तरी थांबावे. सुरुवातीचा गुलाबी प्रकाश जाऊन पिवळा, स्थिर प्रकाश येऊ द्यावा. आपल्याला सोडियमची डी-रेषा हवी आहे, तिची तरंगलांबी सुमारे ५८९ नॅनोमीटर असते. तोवर नळी धुऊन घ्यावी, मग ज्या द्रावकात पदार्थ विरघळवणार त्याच द्रावकाने खंगाळावी आणि त्याच द्रावकाने भरावी. नळी काठोकाठ भरून द्रवाचा पृष्ठभाग किंचित फुगीर आला की काचेची चकती बाजूने सरकवत बसवावी, म्हणजे बुडबुडा आत राहत नाही. राहिलाच तर तो नळीच्या फुगीर भागात नेऊन ठेवावा; प्रकाशाच्या वाटेत तो येता कामा नये. टोपण हलक्या हाताने आवळावे. टोपण घट्ट आवळले की चकतीच्या काचेवर ताण येतो, ताण आलेली काच स्वतःच ध्रुवित प्रकाशात बदल घडवते आणि शून्य सरकते. गळती होऊ नये म्हणून मुले जोर लावतात, तो जोर नेमका इथे नडतो.

नेत्रिकेतून पाहिल्यावर वर्तुळाचे दोन किंवा तीन भाग दिसतात. ते सगळे सारखे दिसतील अशा दोन स्थिती सापडतात, एक उजळ आणि एक मंद. वाचन नेहमी मंद स्थितीत घ्यावे, कारण तिथे उपकरणाची अंश दाखवणारी चकती थोडी जरी फिरवली तरी भागांतला फरक डोळ्याला लगेच जाणवतो. उजळ स्थितीत तो जाणवत नाही आणि वाचनात अर्ध्या अर्ध्या अंशाचा घोळ होतो. चकती एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून त्या स्थितीवर आणावी, अशी किमान पाच वाचने घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी. द्रावकाची ही सरासरी म्हणजे तुमचे शून्य वाचन. ते चिन्हासह लिहून ठेवावे. उपकरणाचे शून्य बरोबर ०·०० वर असावे अशी अपेक्षा करू नये. ते स्थिर असले म्हणजे पुरे.

उपकरणावर विश्वास ठेवण्यापूर्वी एक पडताळणी करावी, आणि तिला लागणारा पदार्थ आपल्याकडे विपुल आहे. कोरडी, स्वच्छ, पांढरी साखर १०·०० ग्रॅम घेऊन पाण्यात १०० मि.लि. द्रावण करावे. सुक्रोजचे, म्हणजे साखरेचे, विशिष्ट वलन (१ डेसिमीटर नळीत १ ग्रॅम प्रति मि.लि. संहतीला धरलेले वलन) २० अंश सेल्सियसला +६६·५ आहे, म्हणून २ डेसिमीटर नळीत वाचन ६६·५ × २ × ०·१०, म्हणजे +१३·३ अंश यायला हवे. कारखान्यात साखर तपासताना १०० मि.लि.मध्ये २६ ग्रॅम घेतात, त्याच नळीत ते सुमारे ३४·६ अंश वळवते आणि ते वलन साखरेच्या मोजपट्टीवर १०० धरलेले असते. पडताळणीसाठी गूळ मात्र वापरू नये. त्याचा रंग प्रकाश अडवतो, आणि त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोजही असते. फ्रुक्टोज प्रकाशाला जोरात डावीकडे वळवते, त्यामुळे आकड्याचा अर्थच लागत नाही.

शून्य आणि पडताळणी झाली की नमुन्याचे द्रावण करावे. कोरडा नमुना अचूक तोलावा, मोजफ्लास्कमध्ये निम्म्याहून थोड्या अधिक द्रावकात पूर्ण विरघळवावा आणि मगच खुणेपर्यंत भरावा. द्रावण गढूळ असेल तर गाळून घ्यावे आणि गाळलेला पहिला थोडा भाग टाकून द्यावा. नळी या द्रावणाने दोनदा खंगाळून भरावी, आणि तापमान नोंदवावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळेचे तापमान सहज ३० च्या वर असते, तर संदर्भग्रंथांतले आकडे २० किंवा २५ अंशांचे असतात. पाणी फिरवण्याची सोय असलेली नळी असेल तर ती वापरावी. नसेल तर निदान सकाळी लवकर प्रयोग करावा आणि प्रत्यक्ष तापमान अहवालात लिहावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. रेसेमिक मँडेलिक आम्लाचे किरल (आरशातल्या प्रतिबिंबाशी न जुळणारे) अमाईन वापरून विभाजन केले, म्हणजे त्याची आर आणि एस ही दोन प्रतिबिंबरूपे वेगळी केली, आणि आर-रूपाचे आधिक्य असलेला नमुना मिळाला, असे समजा. शुद्ध आर-मँडेलिक आम्लाचे विशिष्ट वलन पाण्यात, १०० मि.लि.मध्ये २·५ ग्रॅम या संहतीला आणि २० अंशांना −१५३ दिलेले असते. म्हणून आपणही तीच संहती घेऊ: ०·६२५ ग्रॅम नमुना, २५·० मि.लि. फ्लास्क, पाणी. संहती ०·०२५० ग्रॅम प्रति मि.लि. झाली. नळी २ डेसिमीटरची. द्रावकाचे शून्य वाचन +०·०५ आहे. द्रावणाची पाच वाचने −५·७०, −५·७५, −५·७०, −५·६५ आणि −५·७५ आली, सरासरी −५·७१.

प्रथम शून्य वजा करायचे:

दुरुस्त वलन = −५·७१ − (+०·०५) = −५·७६ अंश

चिन्हाकडे लक्ष द्यावे. शून्य धन आणि वाचन ऋण असेल तर दुरुस्तीनंतर वलनाचे मान वाढते. सवयीने ५·७१ मधून ०·०५ वजा करून ५·६६ लिहिणे ही चूक आहे.

मग विशिष्ट वलन:

विशिष्ट वलन = दुरुस्त वलन ÷ (नळीची लांबी डेसिमीटरमध्ये × संहती ग्रॅम प्रति मि.लि.मध्ये)
= −५·७६ ÷ (२ × ०·०२५०) = −११५·२

लांबी डेसिमीटरमध्ये घ्यायची असते. नळीवर २० सेंटिमीटर किंवा २०० मिलिमीटर लिहिलेले असते आणि घाईत तोच आकडा सूत्रात जातो. संहती १०० मि.लि.मागे ग्रॅममध्ये घ्यायची असेल तर सूत्रात अंशस्थानी १०० ने गुणावे लागते. कोणतीही एक पद्धत धरावी. दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर शंभरपट चुकते. मात्र इतकी मोठी चूक लगेच दिसून येते, म्हणून तिची मला फारशी काळजी वाटत नाही.

आता प्रकाशीय शुद्धता:

प्रकाशीय शुद्धता = (नमुन्याचे विशिष्ट वलन ÷ शुद्ध रूपाचे विशिष्ट वलन) × १००
= (−११५·२ ÷ −१५३) × १०० = ७५·३ टक्के

आणि दोन रूपांचे प्रमाण:

अधिक असलेले रूप = (१०० + ७५·३) ÷ २ = ८७·६५, म्हणजे सुमारे ८७·७ टक्के आर
कमी असलेले रूप = (१०० − ७५·३) ÷ २ = १२·३५, म्हणजे सुमारे १२·३ टक्के एस

कोणते रूप अधिक आहे हे वलनाच्या चिन्हाची शुद्ध रूपाच्या चिन्हाशी तुलना करूनच ठरवायचे. मँडेलिक आम्लाचे आर-रूप डावीकडे वळवते, पण सगळी आर-रूपे डावीकडे वळवतात असा नियम नाही. पुदिन्यातल्या कार्व्होनचे आर-रूप डावीकडे, सुमारे −६१, वळवते. शेपूच्या बियांत त्याच कार्व्होनचे एस-रूप असते आणि ते तितकेच उजवीकडे वळवते. उलट लिमोनीनचे आर-रूप उजवीकडे वळवते. आर आणि एस ही नावे रेणूतल्या गटांच्या क्रमावरून दिली जातात. प्रकाश कोणीकडे वळेल याचा त्यांच्याशी थेट संबंध नाही.

या ७५·३ या आकड्यावर किती भरवसा ठेवावा? दुरुस्त वलनात ०·०५ अंशाची अनिश्चितता धरली तर विशिष्ट वलनात ती ०·०५ ÷ ०·०५, म्हणजे १ अंश होते आणि प्रकाशीय शुद्धतेत सुमारे ०·७ टक्के. म्हणून उत्तर ‘७५ टक्के, अधिक-उणे १’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. दशांशानंतरचा ३ हा कॅल्क्युलेटरने दिलेला आहे, उपकरणाने नव्हे. आता नमुना कमी आहे म्हणून हेच द्रावण दहापट पातळ घेतले असते तर दुरुस्त वलन −०·५८ च्या आसपास आले असते आणि तीच ०·०५ ची अनिश्चितता शुद्धतेत साडेसहा टक्क्यांची झाली असती. नमुना मोजका असला की विद्यार्थी तो वाचवायला पाहतात, हे मला समजते. पण पोलॅरीमीटरमधला नमुना नष्ट होत नाही, द्रावक उडवून तो परत मिळतो. म्हणून पुरेसा घ्यावा. वलन निदान दोन-तीन अंश यावे अशी संहती आणि नळी निवडावी.

माझ्या अनुभवात मोठ्या चुका वाचनात होत नाहीत, त्या भागाकाराच्या खालच्या आकड्यांत लपलेल्या असतात. पहिला आकडा संहतीचा. तोललेला सगळा ऐवज आपला पदार्थच आहे असे सूत्र गृहीत धरते. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत गाळलेले स्फटिक लवकर वाळत नाहीत. वरच्या नमुन्यात ५ टक्के पाणी राहिले होते असे समजा. मग खरी संहती ०·०२३७५ होते, विशिष्ट वलन −१२१·३ येते आणि प्रकाशीय शुद्धता ७९·३ टक्के. केवळ ओलाव्यामुळे चार टक्क्यांचा फरक पडला, आणि वाचन मात्र अगदी बरोबर होते. एका वर्षी आमच्याकडच्या एका गटाचा आकडा दर दिवशी वाढत होता. ते विभाजन सुधारत नव्हते, नमुना हळूहळू वाळत होता. निर्वात शोषपात्रात ठेवून, लागोपाठच्या दोन तोलांत वजन स्थिर येईपर्यंत थांबावे आणि मगच द्रावण करावे.

अकिरल अशुद्धता आकडा खाली ओढते, पण किरल अशुद्धता तो कोणत्याही बाजूला नेऊ शकते. विभाजनासाठी वापरलेले अमाईन नमुन्यात उरले असेल तर त्याचे स्वतःचे वलन मिसळते. म्हणून आधी वितळणबिंदू, पातळ थर क्रोमॅटोग्राफी, शक्य असल्यास एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट), आणि मग पोलॅरीमीटर, हा क्रम मोडू नये.

दुसरा आकडा शुद्ध रूपाच्या विशिष्ट वलनाचा. तो जणू पदार्थाचा न बदलणारा गुणधर्म आहे असे समजून कोणत्याही तक्त्यातून उचलला जातो. विशिष्ट वलन द्रावक, संहती, तापमान आणि तरंगलांबी यांवर अवलंबून असते, आणि कधी कधी हा परिणाम फार मोठा असतो. एल-ॲलनिनचे विशिष्ट वलन पाण्यात जेमतेम +२ च्या आसपास असते, तर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ते +१४ च्या पुढे जाते. पाण्यातल्या वाचनाला आम्लातल्या आकड्याने भागणाऱ्याला शुद्ध ॲलनिनही निकृष्ट वाटेल. एल-मॅलिक आम्ल पातळ जलीय द्रावणात डावीकडे वळवते, तर संहत द्रावणात उजवीकडे. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी विश्वासार्ह संदर्भ शोधावा, त्यात कोणता द्रावक, किती संहती, किती तापमान ते पाहावे आणि आपले द्रावण तसेच करावे. वरच्या उदाहरणात मी २·५ ग्रॅमची संहती घेतली ती याच कारणाने.

काही पदार्थांचे वलन द्रावण केल्यावर काही काळ बदलत राहते. ताज्या अल्फा-ग्लुकोजच्या द्रावणाचे विशिष्ट वलन +११२ पासून उतरत +५२·७ ला स्थिरावते. अशा वेळी थोड्या थोड्या वेळाने वाचन घेत राहावे आणि ते स्थिर झाल्यावरचेच वापरावे.

वाचन कोणत्या फेरीतले आहे, हाही प्रश्न असतो. चकतीवर +२८ आणि +२०८ एकाच ठिकाणी दिसतात, कारण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल १८० अंश फिरले की पुन्हा तेच प्रतल होते. संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनीनचे विशिष्ट वलन सुमारे +१२४ आणि घनता सुमारे ०·८४ आहे. शुद्ध द्रवासाठी सूत्रात संहतीच्या जागी घनता घालतात, म्हणून २ डेसिमीटर नळीत खरे वलन सुमारे २०८ अंश होते आणि आपल्याला २८ दिसतात. त्यावरून शुद्धता काढली तर उत्तर १३-१४ टक्के येईल आणि उत्तम तेलाला आपण जवळजवळ रेसेमिक ठरवू. यावर उपाय सोपा आहे: नळीची लांबी किंवा संहती निम्मी करून पुन्हा वाचन घ्यावे. १ डेसिमीटर नळीत १४ आले तर पहिले वाचन खरे होते, १०४ आले (चकतीवर हेच −७६ म्हणूनही वाचता येते) तर खरे वलन २०८ होते. अनोळखी पदार्थासाठी ही निम्म्याची तपासणी दर वेळी करावी, वाचन कितीही साधे दिसले तरी.

प्रकाशीय शुद्धता आणि प्रतिबिंबरूपांचे आधिक्य हे एकच आहेत असे आपण इथवर धरले. बहुतेक वेळा ते चालते. पण १९६९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओरो यांनी २-इथिल-२-मिथिलसक्सिनिक आम्लाच्या क्लोरोफॉर्ममधल्या द्रावणात विशिष्ट वलन आधिक्याच्या सरळ प्रमाणात बदलत नाही हे दाखवले. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी जोडले जातात तेव्हा एकाच रूपाच्या दोन रेणूंची जोडी आणि भिन्न रूपांच्या दोन रेणूंची जोडी सारखी वागत नाही. म्हणून कार्बॉक्सिलिक आम्ले, अमाइडे यांच्यासाठी शक्य तिथे ध्रुवीय द्रावक घ्यावा, आणि निर्णय महत्त्वाचा असेल तर किरल स्तंभावर एचपीएलसी (उच्च क्षमतेची द्रव क्रोमॅटोग्राफी) करून दोन्ही शिखरांचे क्षेत्रफळ मोजावे. त्या पद्धतीला संदर्भाचा आकडा लागत नाही, हे तिचे बळ आहे. मात्र तसा स्तंभ प्रत्येक महाविद्यालयात नसतो, आणि काळजीपूर्वक वापरलेला पोलॅरीमीटर विभाजनाचा प्रत्येक टप्पा तपासायला पुरेसा आहे.

अभिक्रियेची निवडकता सांगायची असेल तर स्फटिकीकरणाआधीचा नमुना मोजावा. स्फटिकीकरणात एक रूप अधिक प्रमाणात खाली बसू शकते, आणि मग मिळालेला आकडा अभिक्रियेचा राहत नाही, तुमच्या गाळणकागदावर जे उरले त्याचा होतो. दोन्ही टप्पे मोजले असतील तर दोन्ही आकडे टप्प्याच्या नावासह लिहावेत.

अहवालात नुसते ‘प्रकाशीय शुद्धता ७५ टक्के’ असे लिहू नये. वरच्या उदाहरणाची नोंद अशी असावी: ‘विशिष्ट वलन, सोडियम डी-रेषा, २० अंश सेल्सियस: −११५ (संहती २·५ ग्रॅम प्रति १०० मि.लि., पाणी, नळी २ डेसिमीटर), शुद्ध आर-रूपाचे संदर्भमूल्य −१५३ (तीच संहती, पाणी, २० अंश), प्रकाशीय शुद्धता ७५ ± १ टक्के, आर ८८, एस १२, नमुना निर्वात शोषपात्रात स्थिर वजनापर्यंत वाळवलेला, स्फटिकीकरणापूर्वीचा.’ त्याखाली शून्याची आणि द्रावणाची सर्व वाचने, सरासरी काढण्याआधीची, ज्या क्रमाने घेतली त्या क्रमाने उतरवावीत.